घाट बांधणारी मुलं



आज ज्या छंदाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, तो बहुतेक घरांत बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटर गेमच्या ढिगात टाकला जातो. मूल पडद्यासमोर बसून आगगाडी चालवत असतं. त्यात मारामारी नसते, शर्यत नसते, कुणाला हरवायचं नसतं. रूळ समोरून येत राहतात, सिग्नल हिरव्याचा पिवळा होतो, गाडीचा वेग उतरतो, फलाट येतो, गाडी थांबते, पुन्हा निघते. मागे उभं राहून पाहणाऱ्या आईला किंवा बाबांना वाटतं, यात एवढं काय आहे? आणि मग एक दिवस दिसतं, की मूल गाडीसुद्धा चालवत नाहीये. ओसाड जमिनीचा एक तुकडा पडद्यावर आहे, त्यावर ते रुळाला रूळ जोडतंय, विजेचा एक खांब जरा पुढे, जरा मागे सरकवतंय, आणि जेवायला हाक मारली तर "एवढा बोगदा होऊ दे" म्हणतंय.

माझी मुलगी नववीत आहे आणि ती हेच करते. गेली काही वर्षं मी तिच्या शेजारी बसून हे पाहत आले आहे. एखादी जागा नीट पाहायला शिकवण्याची जी ताकद या छंदात आहे, ती मला फार थोड्या गोष्टींत दिसली. म्हणून हे हितगुज. ज्यांची मुलं यात रमली आहेत त्यांच्याशी, आणि ज्यांची रमू पाहताहेत त्यांच्याशीही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. रेल्वे चालवण्याचे सिम्युलेटर घरोघरच्या संगणकांवर पसरले ते २००१ पासून. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा 'ट्रेन सिम्युलेटर' आला आणि ऑस्ट्रेलियातून 'ट्रेन्झ' आला. मायक्रोसॉफ्टच्या पेटीत सहा मार्ग होते: अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन, इंग्लंडमधला एक आणि ऑस्ट्रियातला एक. भारतातला एकही नव्हता. पण त्याच पेटीत मार्ग बांधण्याची साधनंही दिलेली होती, आणि जगभरच्या हौशी माणसांनी नेमकी तीच उचलली. ज्याला आपल्या गावची गाडी हवी होती, त्याने ती स्वतः बांधायला घेतली. आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही इंजिनं, डबे, पिवळे स्टेशनफलक असं एकेक करून तयार केलं. कंपनीने तो सिम्युलेटर पुढे वाढवला नाही, तेव्हा स्वयंसेवकांनी 'ओपन रेल्स' नावाचा नवा सिम्युलेटर लिहिला. त्यात जुने मार्ग चालतात आणि त्याच्यासाठी नवेही बांधता येतात. जपानमध्ये 'बीव्हीई' नावाचा एक सिम्युलेटर आधीपासून होता, त्याच्या वाटेने 'ओपनबीव्हीई' झाला. यांपैकी 'ओपन रेल्स' आणि 'ओपनबीव्हीई' दोन्ही मोफत आहेत आणि घरातल्या साध्या संगणकावरही चालतात. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पैशांचा विषय पुढे येणार आहे.

आता मार्ग बांधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्या घरात सध्या भोर घाट चालू आहे, कर्जत ते लोणावळा. त्याचंच सांगते.

पहिली गोष्ट जमीन. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भूभागाची उंची मोजली. ती मोजमापं आज कुणालाही फुकट मिळतात. मार्ग बांधण्याच्या साधनात ती भरली, की पडद्यावर सह्याद्री उभा राहतो. उल्हास नदीची दरी दिसते, राजमाचीचे दोन बालेकिल्ले ओळखू येतात. माझी मुलगी पहिल्यांदा ते पाहून खुर्चीतून उठलीच होती. पण ही मोजमापं ढोबळ असतात, साधारण तीस मीटरच्या एका चौकोनाला उंचीचा एक आकडा. घाटात तीस मीटरमध्ये काय काय मावतं याचा विचार करा. रूळ, त्याच्या एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला सरळ खाली गेलेली दरी, हे सगळं एका आकड्यात कोंबलेलं. त्यामुळे रडारने आयता दिलेला डोंगर पुरत नाही. खडक हाताने कापावा लागतो, भराव हाताने घालावा लागतो, बोगद्याच्या तोंडाशी जमीन हाताने बसवावी लागते.

आणि इथेच मुलाला प्रश्न पडायला लागतात. इथे बोगदा का काढला? इथे एवढा वळसा का? समोर लोणावळा दिसतंय, मग सरळ का नाही गेले? १८५६ ते १८६३ या काळात ज्या इंजिनिअरांनी हा घाट बांधला त्यांच्यापुढे हेच प्रश्न होते. उत्तर चढात आहे. भोर घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला तो चढ फारसा जाणवणारही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी पकड घेतं, आणि मागे शेकडो टनांचे डबे असतात. किलोमीटरभरात २७ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजल्यांची इमारत, आणि असे किलोमीटर एकामागून एक. माझ्या मुलीने एकदा मुद्दाम वळसे कापून रूळ सरळ टाकले. चढ कुठे कुठे वीसला एक झाला. मग गाडी घेऊन निघाली. थोडं वर गेल्यावर चाकं जागच्या जागी फिरू लागली, पकडीसाठी रुळावर वाळू सोडून पाहिली, तरी गाडी हलेना. तिने मुकाट्याने सरळ रूळ उचलले आणि सगळे वळसे परत घातले. गुणोत्तर हा धडा तिने शाळेत केला होता, परीक्षेत गुणही मिळवले होते. पण ३७ ला १ या आकड्याचं वजन तिला त्या संध्याकाळी कळलं.

कर्जतला गाडी थांबते, आपण खिडकीतून वडा घेतो, डब्याला मागून हलकासा धक्का बसतो. तो धक्का बँकरचा. पुण्याकडे निघालेल्या गाडीला घाट चढवण्यासाठी मागून जोडली जाणारी ही इंजिनं लोणावळ्याला सुटतात. किती वर्षं आपण तो धक्का खात आलो असू. आता माझी मुलगी कर्जतला वडा हातात घेऊन फलाटाच्या मागच्या टोकाला चालत जाते आणि किती इंजिनं लागली ते पाहून येते. कारण घरी तिच्या कर्जतला तेवढीच लागायला हवीत.

घाट चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, हेही तिला चालवूनच कळलं. गाडीचा हवेचा ब्रेक लावायचा तर नळीतला दाब कमी करायचा, सोडायचा तर दाब पुन्हा भरायचा. हा दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. उतारावर घाईने लाव-सोड, लाव-सोड केलं तर भरायला उसंत मिळत नाही आणि ब्रेक दुबळा होत जातो. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हा सगळा हिशेब डब्यागणिक चालू असतो. उतारावर ब्रेक असा दुबळा होऊ शकतो, म्हणूनच घाटात कॅच सायडिंग असतात. उतारावरची गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी बाजूच्या चढत्या रुळावर जाऊन थांबावी अशी ती सोय. पुण्याहून मुंबईला येताना घाटात गाडी उगाच थांबली म्हणून आपण वैतागतो. ती उगाच थांबत नाही.

मला सांगायचं आहे ते हेच. हा मार्ग बांधायला लागल्यापासून माझ्या मुलीचा प्रवास बदलला. पूर्वी खिडकीत बसून ती मोबाइल पाहायची, तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या मुलांसारखी. आता ती वही घेऊन बसते. विजेच्या तारांच्या प्रत्येक खांबावर आकडे असतात, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रमांक. ते मला चाळीस वर्षांत दिसले नव्हते, तिने दाखवले. त्या आकड्यांवरून पूल नेमका कुठे आहे, फाटक कुठे आहे हे घरी येऊन मांडता येतं. फाटकाच्या अलीकडे पिवळ्या फलकावर 'सी/फा' लिहिलेलं असतं, चालकाने शिटी वाजवावी म्हणून. स्टेशनच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची असते. दोन स्टेशनांच्या उंचीतला फरक काढायचा, मधल्या अंतराने भागायचं, सरासरी चढ मिळतो, आणि आपण पडद्यावर घातलेला चढ बरोबर आहे का ते ताडून पाहता येतं. रुळाखालची मोरी कोणत्या रंगाच्या दगडाची आहे, फलाटावरचं छप्पर पत्र्याचं की कौलारू, झाडं सागाची की पिंपळाची, पावसाळ्यात धबधबा कोणत्या बोगद्यानंतर येतो, या सगळ्याची आता घरात चर्चा असते. भूगोलाच्या पुस्तकातला सह्याद्री एका परिच्छेदात संपतो. हा संपत नाही.

या कामाने तिला तिच्या आजोबांपर्यंतही नेलं. माझे सासरे नोकरीच्या काळात वर्षानुवर्षं पुणे-मुंबई करत. एके दिवशी तिने त्यांना शेजारी बसवलं आणि पळसदरी सोडून गाडी वर काढली. आजोबा आधी नुसते पाहत होते. ठाकूरवाडीच्या पुढे म्हणाले, "इथे एवढी झाडी नव्हती, उघडा कातळ होता." मग बोलतच गेले. घाटात कुठे गारवा सुरू व्हायचा, धुक्यात इंजिनाचा आवाज कसा बदलायचा, मंकी हिलला लोक खिडक्या का लावून घ्यायचे. त्यांच्या वडिलांनी लहानपणी जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनवरून प्रवास केला होता. तिथे गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन मागे पडलं. वीज आली, १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली. जिथे आता गाडी जात नाही तो रूळ आपल्याला पुन्हा अंथरता येईल, ही कल्पना त्या दुपारी आजोबा आणि नात दोघांनाही एकदम सुचली. आता तिच्या घाटाच्या दोन आवृत्त्या आहेत, एक आजची आणि एक पणजोबांची. दुसरी अजून अर्धीच आहे, कारण तिच्यासाठी जुनी छायाचित्रं आणि नकाशे शोधावे लागताहेत. ते शोधायला दोघं मिळून वाचनालयात जातात.

बोगद्याचं तोंड बसवताना तिने मला विचारलं होतं, "हे कुणी खणलं?" मुलांनी असा प्रश्न विचारला की तो टाळू नका. मूळ मार्गावर २५ बोगदे होते आणि ते सुरुंगाच्या दारूने आणि माणसांच्या हातांनी खणले गेले. कामाच्या ऐन भरात हजारो मजूर घाटात राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले जे गेले त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल या ठेकेदाराने काम हाती घेतलं आणि भारतात आल्यावर काही आठवड्यांतच तो आजाराने गेला. त्याची पत्नी ॲलिस मायदेशी परतून सुटका करून घेऊ शकली असती. तिने ठेका आपल्याकडे ठेवला, दोन इंजिनिअरांच्या हाती व्यवस्था दिली आणि घाट पूर्ण करून घेतला. माझ्या मुलीला ॲलिस फार आवडते. ते नाव तिने मित्रमैत्रिणींनाही सांगितलं आहे.

बांधण्याबद्दल एवढं बोलले, पण दुसऱ्याने बांधलेला मार्ग चालवण्यातही मोठा आनंद आहे, आणि तो आनंद पालकांनी घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. मायक्रोसॉफ्टच्या त्या जुन्या पेटीत जपानच्या क्युशू बेटावरचा हिसात्सू मार्ग होता, हितोयोशी ते योशिमात्सु. एकेरी रूळ, दाट डोंगर, एक-दोन डब्यांची गाडी. वाटेत ओकोबा नावाचं स्टेशन लागतं. तिथे रूळ डोंगराला पूर्ण वेढा घालतो आणि त्या वेढ्यातच गाडीला थांबून, उलटं जाऊन, पुन्हा पुढे निघावं लागतं. आपल्या रिव्हर्सिंग स्टेशनचा जपानी भाऊबंद म्हणा ना. जुलै २०२० मधल्या अतिवृष्टीने तो मार्ग उद्ध्वस्त केला आणि तेव्हापासून त्या तुकड्यावरून गाडी गेलेली नाही. पण २००१ साली कुणीतरी प्रेमाने बांधलेला तो मार्ग आजही चालवता येतो. त्याच पेटीतल्या, इंग्लंडमधल्या सेटल-कार्लाइल मार्गाची गोष्ट याच्या उलट आहे. तो बंद पडणार होता, लोकांनी लढा दिला आणि १९८९ मध्ये तो वाचला. रिबलहेडचा २४ कमानींचा पूल आजही गाड्या पेलतो. हे दोन मार्ग मुलाबरोबर चालवा. रविवारी दुपारी, चहा घेऊन, सावकाश. ओकोबाला कंट्रोल कधी कसा फिरवायचा ते मूल तुम्हाला सांगेल. घरात नेहमी आपण सांगतो आणि ते ऐकतात. इथे ते सांगतात, आपण ऐकतो, आणि गाडी थोडी पुढे जाऊन थांबली तर हसतो.

विशेषतः ज्यांची मुलं अबोल आहेत त्यांना हे सांगावंसं वाटतं. शाळेत आज काय झालं या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारं मूल, पिवळ्या सिग्नलला वेग किती हवा हे विचारलं तर अर्धा तास बोलतं. त्या अर्ध्या तासात मध्येच शाळाही येऊन जाते. मी अनुभवाने सांगते आहे.

आता काळजीच्या गोष्टी, कारण त्या आहेतच.

सगळ्यात मोठी सुरक्षिततेची. मार्ग बांधणाऱ्या मुलाला जवळून पाहायचं असतं. सिग्नलच्या पायथ्याशी दगड कसे आहेत, सांध्याची दांडी कशी असते, बोगद्याच्या आत भिंत कशी आहे. आणि आजच्या काळात हातात कॅमेरा असतोच. रुळांवर उतरणं, रूळ ओलांडून जाणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हे मुलाला स्पष्ट सांगा. कायद्यापेक्षाही हे सांगा की विजेवरची गाडी किती शांतपणे येते आणि घाटात आवाज वळणाआड कसा दबतो. आमच्या घरचा नियम सोपा आहे: फोटो फलाटावरून किंवा डब्याच्या बंद दारामागून. दारात लटकून नाही, पुलावर जाऊन नाही, बोगद्यात तर नाहीच. या नियमात कधीही सूट नाही, वाढदिवसालाही नाही. एखादी गोष्ट जवळून पाहायचीच असेल तर मी स्वतः स्टेशन मास्तरांना विचारते. बहुतेक वेळा नकार येतो, तो मान्य करायचा. पण एकदा एका मास्तरांनी त्यांच्या खोलीतलं सिग्नलचं पॅनल दाराशी उभं राहून पाहू दिलं होतं. ती त्या दिवशी घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

दुसरी गोष्ट पैशांची. काही सिम्युलेटर विकत घ्यावे लागतात आणि त्यांचे मार्ग, इंजिनं, डबे वेगवेगळे विकले जातात. एकेकाची किंमत फारशी वाटत नाही, म्हणून ती मागणी मान्य होत जाते आणि वर्षाअखेरीस आकडा पाहून डोळे विस्फारतात. माझं स्पष्ट मत सांगते. मोफत सिम्युलेटरपासूनच सुरुवात करा आणि निदान वर्षभर तिथेच राहा. ज्याला पुढचा मार्ग विकत मिळतो तो पुढचा मार्ग बांधत नाही. महागडा संगणक तर मुळीच नको. त्या पैशांत मुलाला दोनदा कोकण रेल्वेने नेऊन आणा. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल, करबुडेचा लांबच लांब बोगदा, हे एकदा खिडकीतून पाहिलेलं मूल पडद्यावर जे उभं करेल, ते कुठल्याही विकतच्या वस्तूत मिळणार नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या कष्टांची. या छंदाची सगळी इमारत फुकट दिलेल्या कामावर उभी आहे. कुणी इंजिन बनवलेलं असतं, कुणी झाडं, कुणी सिग्नल. प्रत्येकाबरोबर एक छोटी मजकुराची फाइल येते. हे कुणी बनवलं, वापरायला परवानगी आहे का, बदलायला आहे का, नाव द्यायचं का, विकायला मनाई आहे का, हे तिच्यात लिहिलेलं असतं. मुलं ती फाइल न वाचता पुढे जातात. शेजारी बसून ती वाचायला लावा. दुसऱ्याने रात्री जागून केलेलं झाड आपल्या मार्गावर लावलं, तर त्याचं नाव आपल्या यादीत आलंच पाहिजे. माझ्या मुलीने एकदा एक डबा वापरण्यासाठी कुठल्या तरी अनोळखी माणसाला परवानगी मागणारं पत्र लिहिलं होतं. त्या पत्राचे तिने तीन मसुदे केले. मराठीच्या निबंधाचा ती एकही करत नाही. (पत्रव्यवहार मोठ्यांच्या नजरेखाली व्हावा, हे वेगळं सांगायला नको.)

वेळेचं काय, असं तुम्ही विचाराल. बांधकामात वेळ जातो आणि रात्र होते, हे खरं. आमच्याकडे झोपेची वेळ ठरलेली आहे आणि परीक्षेच्या दिवसांत घाटाचं काम बंद असतं, जसं पावसाळ्यात खरं काम मंदावतं तसं. पण घड्याळाबरोबर आणखी एक गोष्ट पाहायला शिका. आज मुलाने काय केलं? गाडी धडकवून मजा घेतली, की मोरी बसवली? दोन्ही पडद्यासमोरचे तास आहेत, पण ते एकाच रकान्यात मांडू नका. आणि मांडायच्या आधी मुलाला विचारा, आज कुठपर्यंत आलास?

एक गोष्ट मात्र करू नका, एवढं आग्रहाने सांगते. "याचा पुढे उपयोग काय?" हे विचारू नका. उपयोग दाखवता येतात. रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर वापरतात, नकाशे आणि उंचीची मोजमापं हाताळणं हे आज कामाचं कौशल्य आहे, मजकुराच्या फाइलमध्ये मार्ग लिहिणारं मूल प्रोग्रामिंगच्या दाराशी पोचलेलंच असतं. पण तो प्रश्न ऐकला की मुलाच्या चेहऱ्यावरचा उजेड जातो, कारण त्याला कळतं की आपल्या घाटाकडे कुणी पाहिलंच नाही. पाहुण्यांसमोर करून दाखवायला लावू नका. अमुक टक्के मिळाले तर परवानगी, असा सौदाही करू नका. आपल्या मुलाला एखादी जागा इतकी आवडते की ती दगडादगडाने पुन्हा उभारावीशी वाटते, याला मी भाग्य समजते.

ज्यांच्याकडे अजून सुरुवात व्हायची आहे त्यांच्यासाठी शेवटी थोडं कामाचं बोलते. मुलं पहिल्याच दिवशी मुंबई ते पुणे बांधायला घेतात. ते १९२ किलोमीटर कधीच पूर्ण होत नाहीत आणि मूल खट्टू होतं. नेरळ-माथेरानही फार खुणावतं, १९०७ सालची ती चिमुकली गाडी कुणाला आवडणार नाही? पण जेमतेम २१ किलोमीटरमध्ये इतकी वळणं आहेत, आणि तीही इतकी आखूड, की नवशिक्याचे हात तिथेच टेकतात. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठी ठेवा. सुरुवात आपल्या घराजवळच्या सपाट तुकड्याने करा. सोलापूरकडच्या मुलांना आजी-आजोबांच्या आठवणीतली कुर्डुवाडी-बार्शी छोटी गाडी घेता येईल, ती १८९७ ची. वऱ्हाडातल्या मुलांना मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला घेता येईल. या गाड्या आता त्या रूपात धावत नाहीत, पण त्यातून प्रवास केलेली माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे मुलाला वही देऊन पाठवा, लवकर पाठवा.

मूल लहान असेल तर 'ओपनबीव्हीई' बरा. त्यात मार्ग साध्या मजकुरात लिहितात. इतक्या मीटरवर वळण, त्याची त्रिज्या इतकी. इतक्या मीटरवर चढ, हजारी इतका. भोर घाटाचा ३७ ला १ तिथे हजारी २७ होतो. पंचवीस-पंचवीस मीटरच्या टप्प्यांत रूळ पुढे जातो आणि चूक झाली तर ओळ खोडून पुन्हा लिहिता येते. थोडं मोठं असेल तर 'ओपन रेल्स'.

पहिल्या मार्गावर दोन स्टेशनं पुरेत. मध्ये एक फाटक, एक ओढा, एक वळण. त्या तुकड्यावरून एका रविवारी पॅसेंजरने मुलाबरोबर जाऊन या, जाताना एका बाजूच्या खिडकीत बसा आणि येताना दुसऱ्या. खांबांचे आकडे तुम्ही वाचा, त्याला लिहू द्या. स्टेशनफलकावरची उंची टिपायला विसरू नका, ती घरी लगेच लागते. मग काही महिन्यांनी मूल म्हणेल की झालं, तेव्हा खुर्ची मागा आणि पहिली गाडी तुम्ही चालवा. ब्रेक कुठे लावायचा ते मूल सांगेलच.